टोचणाऱ्या चपलांचा विभाग

आमच्या विभागाच्या दाराबाहेर सकाळी एकच जोड असतो. थोड्या वेळाने ढीग होतो, आणि दुपारी कोणाची चप्पल कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. एक उचलायला जावं तर त्याच्या पट्ट्यात अडकून दुसरा वर येतो. मैत्रिणी म्हणतात, "लिहून काढ एकदाचं!" मला एका जागी बसणं जमत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी बसलेय.

विभाग कसला, ते आधी सांगते. मलकापूरला रेल्वेलाईनच्या कडेला एका ट्रस्टचा दवाखाना आहे. त्याच्या मागे कापसाच्या गाठी ठेवायचं जुनं गोडाऊन. मी नागपूरहून शिकून आले, तेव्हा तिथे 'व्यायामोपचार' अशी पाटी लावून मला बसवलं. मालगाडी गेली की जमीन हलते, आणि तोल सांभाळायला शिकणारे माझे सगळे पेशंट एकदम भिंत धरतात! गावात माझं नाव पडलं 'चालणं शिकवणारी बाई'. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा दारातून डोकावून म्हणाले, "बाई, चालणं तं लेकरू बी आपोआप शिकते. त्याच्यासाठी कालेज कायले पाह्यजे?"

मला एकच गोष्ट सिद्ध करायची होती, आणि तीही लगेच! तळव्याला खालची जमीन कळली की पाय सावध होतो. मऊ, गुळगुळीत चपलेत तळवा पेंगतो. तीच चप्पल आतून जराशी खडबडीत केली तर पोटरीचे, नडगीचे स्नायू वेळेवर जागे व्हायला हवेत आणि डगमगणाऱ्याचं पाऊल नीट पडायला हवं. तळवा पुरता बधिर असेल तर मात्र हा प्रयोग करायचा नाही. जखम होते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पण थोडी जाण शिल्लक असेल तर? आमच्या सरांनी वर्गात हे दोन वाक्यांत सांगितलं आणि ते पुढच्या धड्याकडे गेले. मी तिथेच अडकले.

"सिद्ध झालंय का हे?" आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"मी करून दाखवते!"

"दाखवा. पण सावकाश."

'सावकाश' हा डॉक्टरांचा लाडका शब्द. राज्य नवीन झालं, सगळीकडे नव्या योजना, नवे बोर्ड, आणि आमच्याकडे सावकाश!

सावकाश चालणार नव्हतं, कारण पुंडलिक कंडक्टरकडे वेळ नव्हता. मलकापूर–बुलढाणा लाल गाडीवरचा हा माणूस. तोंडात सुपारी, हातात तिकिटाचा पंच, आणि राजूरच्या घाटात काहीही न धरता उभा राहायची ऐट. टायफॉइड झाला, त्यातून उठला, पण तळवे अर्धे बधिर आणि पोटऱ्या ढिल्या. पहिल्याच ड्यूटीला घाटात एका पाटलाच्या मांडीवर जाऊन बसला. डेपोने त्याला शेडमध्ये टायर मोजायला बसवलं. बुलढाण्याचे मोठे डॉक्टर तपासणार होते. त्यांनी 'फिट' लिहिलं तर मोटर, नाही तर कायमचं शेड.

"बाई," पुंडलिक म्हणाला, "टायर बोलत नाई हो. मले माणसं पाह्यजेत. वीस वरसं माणसाइले पुढं सरका म्हणून राह्यलो, आता मीच मांगं राह्यलो."

हे बोलताना तो रिकामा पंच टिकटिक वाजवत होता. मला माझ्यासारखाच अस्वस्थ माणूस भेटला होता!

* * *

चपला करायला होता शेषराव. त्याचं दुकान दवाखान्याच्या फाटकाशी, आणि मऊ चपलेसाठी तो चार गावांत प्रसिद्ध. खडबडीत तळासाठी मी काथ्या लावून बघितला, गोणपाट लावून बघितलं. दोन दिवसांत भुगा! शेवटी एका जिनिंग कारखान्याच्या भंगारात सापडलं ते चामडं. सरकी वेगळी करायच्या यंत्रातल्या रोलरवर बसवतात ते, जाड, चिवट, अंगावर तिरक्या खाचा. मी नाचतच ते शेषरावकडे नेलं.

"हे आतून लावायचं? पायाकडून?" त्याने चामडं नाकाजवळ नेलं, लांब केलं.

"हो. खाचा वर."

"टोचन ना बाई ते!"

"टोचायलाच पाहिजे!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हलवायाला कडू पेढे करायला सांगितले.

चपला वेळेवर आल्या. दिसायला बाजारात मिळणाऱ्या तपकिरी पट्ट्याच्या चपलांसारख्याच. पुंडलिकने तशाच मागितल्या होत्या, लोकांनी विचारायला नको म्हणून. मी आत हात घातला. गुळगुळीत! खाचांचा मागमूस नाही!

"शेषराव, खाचा कुठे गेल्या?"

"घासल्या," तो अभिमानाने म्हणाला. "दोन दिवस कानशीनं घासल्या. वरून मेण लावलं. तुम्ही नवीन, भंगारातून खराब माल आणला. पण आपल्या हातून तसा बाहेर जाऊ द्यायचा का?"

दुसरा जोड मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून करून घेतला. सगळा वेळ तो पुटपुटत होता, "कोणाले सांगजा नका, हे म्या शिवलं म्हणून!"

* * *

देऊळघाटची कौतिकाबाई माझी दुसरी पेशंट. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन आयुष्य काढलं, आता वयाने पाय लटपटायला लागले. मलकापूरला लेकीकडे यायची तेव्हा विभागात चक्कर. तिलाही मी त्याच चामड्याचे तळ दिले, चपलेत सरकवायचे.

पुढच्या वेळी आली ती तोंडभर हसत. "बाई, तुम्ही देलेलं ते लय गुणाचं हाये! लेक बी मागून राह्यली, शेजारीण बी मागून राह्यली!"

माझा आनंद गगनात मावेना. डॉक्टरांना हाक मारली. बघा म्हटलं, सावकाश म्हणत होतात! "काय फरक पडला, सांगा डॉक्टरांना."

कौतिकाबाईने पदर सावरला, खाली बसली आणि पाय पुढे केले. "पाहा ना डाक्टर! टाचा कशा लोण्यावानी झाल्या! आंघोळीच्या टायमाले घासते म्या. अशी वज्री बाजारात भेटत नाई!"

डॉक्टर एवढंच म्हणाले, "फरक आहे खरा."

* * *

स्नायू जागे झाले की नाही हे मोजायचं कसं? मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात मी एक यंत्र बघितलं होतं. पोटरीला तार लावायची, स्नायू आवळला की कागदावर रेघ उठते. मी ते आमच्या डॉक्टरांकडे मागितलं.

"मागू या," ते म्हणाले. "आधी आपण पंखा मागितलाय, तो येऊ द्या. मग मागू."

मी ठरवलं, यंत्र नाही तर नाही, हात आहे! पेशंट चालत असताना शेजारून वाकून पोटरीवर हात ठेवायचा. आवळली की कळतं. पण अंगणात पुंडलिकच्या पोटरीकडे हात नेला आणि तो बाकावर चढून बसला.

"बाई! काय करून राह्यल्या?"

"पोटरी बघतेय."

"लांबून पाहा ना! उद्या घरी समजलं तं माही खैर नाई!"

"मग मला कळणार कसं?"

त्याने क्षणभर विचार केला. मग खाली उतरला, स्वतःच्या पोटरीवर स्वतःचा हात ठेवला, आणि तसाच वाकून चालत त्याने सुरू केलं. "टाच आली, टाच! उतरणारे उतरून घ्या! पोटरी... पोटरी अजून नाई... आली! आवळली! डबल!" आणि वरची नसलेली दोरी त्याने दोनदा ओढली.

बाकावरचे पेशंट लोळले. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की साध्या चपलेत त्याची पोटरी उशिरा येते आणि खाचांच्या चपलेत टाच टेकताच येते. मी त्याला पुन्हा पुन्हा चालवलं. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, "बाई, कंडक्टरले बी जेवायची सुट्टी असते!"

* * *

आता चाचणी. आणखी काही पेशंटांनाही खाचांचे तळ दिले. रोज चपला घालून फिरायचं, आठवड्याने विभागात येऊन चालून दाखवायचं. दोन्ही टोकांना खडूची रेघ, मधे सरळ वाट. डॉक्टर खुर्चीत, मी घड्याळ घेऊन.

सगळे पेशंट पहिल्यासारखेच डगमगत आले! पुढच्या आठवड्यात तसेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसेच. मला झोप लागेना, जेवण जाईना. सर चुकले? मी चुकले? चामडं चुकलं? मी चौथ्यांदा रेघ पुसून नवी काढत होते, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून, अर्थातच सावकाश, म्हणाले, "एक विचारू का? हे सगळे अनवाणी का चालतायत?"

मी वर बघितलं. एकाच्याही पायात काही नव्हतं. दाराबाहेर मात्र खडबडीत तळाच्या चपला ओळीने मांडलेल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला!

"अरे, चपला घालून आत या ना!" मी ओरडलेच.

सगळ्यांचे चेहरे पडले. कौतिकाबाई हळूच म्हणाली, "दवाखान्यात? डाक्टरसमोर? पायात घालून?" आणि मग माझ्याच पायांकडे बोट दाखवलं. "तुम्ही तरी काऊन काढता मंग?"

मीही अनवाणीच होते.

* * *

त्यानंतर मी पाटी लावली: 'चपला घालूनच आत यावे'. परिणाम असा, की लोक दारात थबकायचे, पाटी वाचायचे, चपला काढायचे, हातात घ्यायचे आणि आत यायचे.

* * *

पावलांचे ठसे घ्यायची कल्पनाही माझीच. गेरू कालवायचा, पाय बुडवायचे, पांढऱ्या चादरीवर चालायचं. साध्या तळव्याचे ठसे एका चादरीवर, खाचांच्या चपलेत फेऱ्या मारून झाल्यावरचे दुसरीवर. पाऊल किती लांब, किती वाकडं, सगळं समोर! डॉक्टरांना न पटून जातंय कुठे!

कौतिकाबाई चालली. दुसऱ्या चादरीवरची पावलं काय देखणी उमटली होती! मी ती वाळायला व्हरांड्यात पसरली आणि डॉक्टरांना बोलवायला वॉर्डात गेले. ते एका पेशंटपाशी होते. सावकाश.

आम्ही परत आलो तर व्हरांड्यात बायकांची रांग. चादरीवर हळद, कुंकू, दोन झेंडूची फुलं, आणि आमच्याच दवाखान्याची नर्स डोळे मिटून हात जोडून उभी! लक्ष्मीची लाल पावलं दवाखान्यात उमटली, अशी बातमी फाटकापर्यंत गेली होती. मी चादर उचलायला वाकले तर चार हातांनी मला मागे ओढलं.

"ह्या माझ्या पेशंटची पावलं आहेत!" मी म्हटलं.

मागून कौतिकाबाई पुढे आली. गेरूचे पाय अजून तसेच. तिने चादरीकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि स्वतःच्याच पावलांना नमस्कार केला!

"अहो, तुम्ही सुद्धा?"

"फुलं वाह्यली ना बाई लोकाइनं," ती म्हणाली. "आता ते माहे कुठी राह्यले?"

* * *

तपासणीची तारीख जवळ आली. पुंडलिक खाचांच्या चपलेत सपाट जमिनीवर बरा चालायला लागला होता. आता तो चपला घालून आत यायचा, पण येताना पाटीला नमस्कार करायचा. प्रश्न मोटरचा होता. हलत्या जमिनीवर उभं राहण्याचा सराव आणायचा कुठून? मालगाडी दिवसातून किती वेळा जाणार?

उपाय त्यानेच काढला. बाजारातले दोन हमाल माझ्याकडे कंबरेसाठी यायचे. एक दिवस खिडकीतून बघते तो काय, अंगणात हातगाडी, तिच्यावर पुंडलिक उभा, पुढे एक हमाल ओढतोय, मागे एक ढकलतोय, आणि गाडी दगडधोंड्यांतून उड्या मारतेय!

"चला, मोताळा, राजूर, बुलढाणा! सुट्टे काढून ठेवा!"

"अबे, हळू!" मागचा हमाल.

"घाट हाये बे हा! घाटात ड्रायव्हर मले विचारून वळते का?"

मी जीव मुठीत धरून धावले. तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं, दोन्ही हमाल तोंडावर पडता पडता वाचले, आणि पुंडलिक? गुडघे जरासे वाकले, टाच दाबली गेली, पोटरी आवळलेली मला लांबूनही दिसली. तो उभाच! हात वर, पंच टिकटिक!

"डबल!" तो ओरडला.

मागे डॉक्टर येऊन उभे होते. मी म्हटलं, आता बोलणी खाणार. त्यांनी हातगाडी बघितली, माझ्या पेशंट हमालांची कंबर बघितली आणि म्हणाले, "बाई, एक बरा करताना दोन नवे तयार करू नका. पण..." मग चष्मा पुसला. "पण पडला नाही, हं!"

त्यात 'सावकाश' नव्हतं. मला तेवढंच पुरलं.

* * *

आणि आता बुलढाण्याची गोष्ट. ही सांगितली की लोक म्हणतात, बाई, हे तुम्ही रचलंय. रचायला मला वेळ कुठे आहे?

पुंडलिकबरोबर मी स्वतः गेले. मोठे डॉक्टर उंच, करारी, घाईत. त्यांच्या खोलीबाहेर पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत'. ते स्वतःही काढत. दारात ओळीने चपला, त्यात त्यांच्याही तपकिरी पट्ट्याच्या.

मी घाईघाईने म्हटलं, "साहेब, याला चपला घालून चालू द्या. त्या चपलांतच सगळं आहे!"

"बाई, नियम म्हणजे नियम. माझ्यासाठीसुद्धा."

फरशी अशी घासलेली की तोंड दिसावं. पुंडलिकने पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला डगमगला आणि त्याने टेबल धरलं.

"चालत्या गाडीत काय धरणार?" मोठे डॉक्टर म्हणाले.

पुंडलिकने टेबल सोडलं आणि तो मागे सरकला.

मीच बोलत राहिले. तळवा, पोटरी, टाच, हातगाडी! बाहेर मोटरचा हॉर्न वाजला. डॉक्टरांना मलकापूरहून अकोल्याची रेल्वे पकडायची होती. त्यांनी कोरा फॉर्म पिशवीत टाकला. "याच गाडीने चाललोय. मलकापूरला उतरलो की लिहून देतो. पण आशा ठेवू नका." आणि पायात चपला सरकवून धावले. मागोमाग आम्ही.

मोटर खच्चून भरलेली. डॉक्टरांना पुढची जागा मिळाली. मला मिळाली ती कौतिकाबाईच्या शेजारी. ती वांग्यांची टोपली मांडीवर घेऊन लेकीकडे निघाली होती. पुंडलिक मधल्या वाटेत उभा, एका दांडीला धरून, मान खाली. ड्यूटीवरचा कंडक्टर त्याचा जुना दोस्त. तो जवळ आला, काही न बोलता स्वतःचा पंच त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे बे. मलकापूरपर्यंत तूच काट तिकिटं. पुन्हा कधी भेटते काय माहीत."

पुंडलिकने दांडी सोडली.

इकडे मोठ्या डॉक्टरांची काहीतरी वेगळीच चुळबुळ चालली होती. पाय आपटत होते, बोटं हलवत होते, शेजाऱ्याला म्हणत होते, "चपलेत खडा गेलाय वाटतं." एकदा चप्पल काढून झटकली. काही पडलं नाही. पुन्हा घातली. पुन्हा चुळबुळ. राजूरचा घाट लागला आणि त्यांचा धीर संपला. ते ताडकन उठले, मधल्या वाटेत एका पायावर उभे राहिले आणि दुसऱ्या पायातली चप्पल काढायला वाकले.

समोरून बैलगाडी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि वळण घेतलं.

सगळी मोटर एका बाजूला! चप्पल हवेत उडाली, डॉक्टर दरवाज्याकडे भिरकावले गेले, आणि पुंडलिकने डाव्या हाताने त्यांची कॉलर धरली. उजव्या हातात तिकिटं. कुठेही टेकलेला नाही. गुडघे जरासे वाकलेले, बस.

मोटर सरळ झाली. डॉक्टर त्याच्या हाताला तसेच लटकलेले.

"साहेब," पुंडलिक अदबीने म्हणाला, "घाटात उठजा नका. आणि तुमचं तिकीट राह्यलं."

डॉक्टरांनी आधी श्वास घेतला. मग तिकीट घेतलं. मग पिशवीतून फॉर्म काढला, पुंडलिकला पाठ फिरवायला सांगितली, आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून मोठ्या अक्षरांत लिहिलं. मोटरभर टाळ्या! मी तर बाकावर उभीच राहिले. खडबडीत तळाचा विजय! सर, आमचे डॉक्टर, शेषराव, आता बोला म्हणावं!

तेवढ्यात कौतिकाबाईने टोपलीत हात घातला. वांग्यांमधून उडून पडलेली चप्पल काढली, डॉक्टरांना द्यायला म्हणून उलटसुलट केली, आणि आतून अंगठा फिरवला.

"बाई," ती मला म्हणाली, "मोठ्या डाक्टरच्या चपलीत आपली वज्री कशी?"

मी चप्पल बघितली. मग पुंडलिकच्या पायांकडे बघितलं. त्यानेही बघितलं. एक पाय उचलला, आतला मऊ, गुळगुळीत तळ बोटाने चाचपला, आणि घाटातल्या पुढच्या वळणावर, काहीही न धरता, एका पायावर उभा राहून म्हणाला,

"मी बी म्हणून राह्यलो, मोटरीत चढल्यापासून काहीच काऊन टोचत नाई! मले वाटलं, बरा झालो!"